कुबडीबद्दल थोडं

मागच्या पंधरवड्यातल्या माझ्या लेखावर एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. खाली सही ‘एक वाचक’ एवढीच. लेखात मी म्हटलं होतं की भौतिकशास्त्र आणि कविता या एकाच घरातल्या दोन जावा. भांड्याला भांडं लागतं, पण चूल एकच. सोबत आर्यभटाची नाव (होडी), तुकोबांचं ‘अणुरेणिया थोकडा’, समुद्राच्या निळाईमागे लागलेले रामन आणि अणुशास्त्रज्ञ नील्स बोरचं एक वाक्य असे दाखले होते.

वाचकमहाशयांना जावा पटलेल्या नाहीत. आकाशाच्या निळ्या रंगाचं सूत्र मी चुकवलं, बोरचं वाक्य ऐकीव आहे, तुकोबांना अणू कळला होता असं मी सुचवतो, उपमेवरून भाकीत करता येत नाही आणि ती खोटीही ठरवता येत नाही, तेव्हा हे नातं म्हणजे नुसता शब्दांचा खेळ, असं त्यांचं म्हणणं. इथवर ठीक. माणूस वाचून लिहितोय, असं वाटलं. मग शेवटी हे वाक्य आहे, जसंच्या तसं देतो: ‘ज्या शिक्षकांना गणित शिकवता येत नाही ते कवितेची कुबडी घेतात, सीमाभागातल्या शाळांत हे चालत असेल, भौतिकशास्त्रात चालत नाही.’

आधी चूक कबूल करतो. विखुरणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असतं, लेखात ‘वर्गाच्या व्यस्त’ असं गेलं. मोबाईलवर लिहिताना होतं असं. पण चौथा घात मला माहीतच नाही असा त्याचा अर्थ काढू नका. 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 च्या तांबड्यापेक्षा चारपटीहून जास्त विखुरतो. वर्ग धरला तर जेमतेम दुप्पट, आणि आपलं आकाश आहे त्यापेक्षा बरंच फिकं दिसलं असतं. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ रॅलेनं हे 1871 मध्येच मांडलं. चूक दाखवलीत, आभारी आहे.

आता कुबडी.

साहेब, मी 31 वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. खानापूर तालुक्यात आधी, मग बेळगावात. माझे वडील वडगावात मागावर बसायचे. दहावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीत. पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) गेलो तेव्हा पहिल्याच तासाला सर इंग्रजीतून ‘इनर्शिया, इनर्शिया’ म्हणत होते आणि मला तो एखादा रोग वाटला होता. पहिल्या चाचणीत शंभरपैकी 38. शेजारच्या बाकावरचा मुलगा कन्नड माध्यमातून आलेला. त्याचं दहावीचं पुस्तक घेऊन बसलो तर तिथं कन्नड लिपीत ‘जडत्व’! माझ्या मराठी पुस्तकातही ‘जडत्व’! दोघांना जो शब्द चौथी-पाचवीपासून ठाऊक होता, त्याला आम्ही महिनाभर घाबरून होतो. जड माणूस जागचा हलत नाही आणि चालायला लागला की थांबत नाही, हे सांगायला सूत्र लागत नाही. सूत्र पुढच्या पायरीवर लागतं.

पुढे शिकवायला लागलो तेव्हा या शब्दांचा नादच लागला. वस्तुमानाला कन्नडमध्ये ‘द्रव्यराशी’ म्हणतात. राशी म्हणजे खळ्यावरची रास. शेतकऱ्याच्या पोराला ‘वस्तुमान’ म्हटलं की तो मान डोलावतो, ‘द्रव्याची रास’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं काहीतरी उभं राहतं. आपल्याकडचं ‘त्वरण’ कन्नडमध्ये ‘वेगोत्कर्ष’ होतं. वेगाचा उत्कर्ष! हा शब्द कुणी केला ते मला ठाऊक नाही, पण करणारा नुसता अनुवादक नव्हता.

आणि हो, हाच शब्द फसवतोही. गाडी चोर्ला घाटात आहे, काटा तीसवरून हलत नाही, वळण आलं आणि तुमचं डोकं खिडकीवर आपटलं. उत्कर्ष कुठे झाला? वेग तेवढाच, दिशा बदलली, तरी त्वरण आहे. ‘त्वरणा’तली त्वराही इथं उपयोगाची नाही. दरवर्षी मी आधी तो शब्द पोरांना आवडू द्यायचो आणि मग घाटात नेऊन मोडून दाखवायचो. मोडला की मग फळ्यावर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. पोरं ते सूत्र विसरत नसत, कारण त्यांना आपला आवडता शब्द कुठं मोडला ते आठवायचं. याला तुम्ही कुबडी म्हणता. ठीक. कुबडी घेतलेला माणूस चालतोय तरी, एवढं मान्य करा.

गोकाकची गोष्ट सांगतो, कारण ‘गणित शिकवता येत नाही’ हे शब्द मला लागले आहेत. लपवून काय करू? एका पावसाळ्यात नववीची सहल घेऊन गेलो होतो. घटप्रभेचं पाणी तांबडंलाल, झुलत्या पुलावर पोरांची किंकाळी. धबधबा 52 मीटर उंच. आदल्या दिवशी वर्गात हिशेब करून घेतला होता: उंचीची दुप्पट, भागिले 9.8, त्याचं वर्गमूळ. पाणी खाली यायला सव्वातीन सेकंद लागले पाहिजेत आणि पोचताना वेग सेकंदाला 32 मीटर, म्हणजे ताशी 115 किलोमीटर. तिथं घड्याळ काढलं. फेसाचा एक झुपका नजरेनं धरायचा आणि खाली पोचेपर्यंत मोजायचं. मधल्या धारेला साडेतीन, पावणेचार येत होते. कडेच्या झुपक्याला पाच, कधी सहा. पोरांना वाटलं सरांचं गणित चुकलं.

एक मुलगी कठड्याला टेकून गप्प उभी होती. ती म्हणाली, ‘सर, मधलं पाणी पडालंय, खरं कडंचं उतरालंय.’ (आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. लांबच्या वाचकांसाठी सांगितलं.)

पडणं आणि उतरणं. अंतिम वेग हा धडा मी त्याआधी किमान दहा वेळा शिकवला असेन, इतका नेमका कधीच शिकवला नव्हता. मधली जाड धार जवळजवळ मुक्तपणे पडते. कडेला पाणी फुटून थेंब होतं, थेंबाला हवा अडवते, वजन आणि अडवणूक बरोबरीला आली की वेग वाढायचा थांबतो. पावसाच्या मोठ्यात मोठ्या थेंबाचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास अडकतो. हवा नसती तर एक किलोमीटरवरच्या ढगातला थेंब ताशी 500 किलोमीटरनं डोक्यात बसला असता. हे सगळं मी त्या कठड्यापाशी, भिजत, त्या मुलीच्या दोन क्रियापदांवर उभं केलं. परतीच्या बसमध्ये तिनं मला विचारलं, ‘मग सर, उतरणाऱ्या पाण्याला त्वरण किती?’ मी म्हणालो, ‘तू सांग.’ ती म्हणाली, ‘शून्य.’

आता सांगा, तिनं आधी कविता केली की आधी भौतिकशास्त्र? आणि या वर्गावर बसून ‘हे मराठी वाचन चाललंय की विज्ञान?’ असं विचारणारे एक तपासणी अधिकारी मला भेटले होते, तुमच्यासारखेच. त्यांच्या शेऱ्याची प्रत अजून माझ्याकडे आहे. तुम्ही कुठं शिकलात हे मी विचारत नाही. विचारणं शोभणार नाही.

कुबडीचाच विचार करायचा तर मग आर्यभटापासून करा. त्यानं वयाच्या तेविसाव्या वर्षी, 499 साली, गोल फिरणाऱ्या पृथ्वीचं म्हणणं मांडलं ते आर्या वृत्तात. नावेत बसून पुढं जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागं जाताना दिसतात, तसे लंकेतून (म्हणजे विषुववृत्तावरून) स्थिर तारे पश्चिमेला जाताना दिसतात. लोंढा जंक्शनवर शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असं वाटून चहा सांडणाऱ्या प्रत्येकाला हा श्लोक कळतो. ज्ञानोबांनी ‘न चलतां सूर्याचें चालणें’ म्हटलं तेही याच धाटणीचं, जरी त्यांना तिथं खगोल नाही, नैष्कर्म्य, म्हणजे कर्म करूनही न केल्यासारखं असणं, सांगायचं होतं. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये अख्खं अंकगणित श्लोकांत घातलं. त्यांच्या काखेत कुबडी होती काय? (त्यांचं गाव आमच्या विजापूरकडचं की तुमच्या चाळीसगावजवळचं, हा वाद अजून चालू आहे. सीमावाद आमचाच नाही तर!)

आणि रामन. 1921 साली बोटीवरून भूमध्य समुद्राचा निळा रंग त्यांनी पाहिला. समुद्र निळा दिसतो कारण त्यात आकाश पडलेलं असतं, हे रॅलेचं म्हणणं. ऐकायला काय सुंदर. रामन यांनी खिशातला निकोल प्रिझम (परावर्तित प्रकाश गाळता येतो असा स्फटिक) काढला, पाण्यावरून परावर्तित होणारं आकाश त्यातून काढून टाकलं, आणि समुद्र आणखीच निळा दिसला. सुंदर उपमा एका स्फटिकाच्या तुकड्यानं मोडली. हे मी लेखात लिहिलं होतं, तुम्ही तो परिच्छेद बहुधा वगळलात.

बाकीचे मुद्दे. बोरचं वाक्य, की अणूंबद्दल बोलताना भाषा कवितेसारखीच वापरावी लागते, त्याचा तरुण सहकारी हायझेनबर्ग याच्या आठवणीतून आलं आहे हे खरं. 1922 चं बोलणं त्यानं 1969 च्या पुस्तकात दिलं. माझी जन्मवेळही आईच्या आठवणीवरच आहे, म्हणून मी जन्मलो नाही असं कुणी म्हणत नाही. तुकोबांना अणू कळला होता असं मी कुठंही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचा. आणि उपमा खोटी ठरवता येत नाही हा तुमचा जो मुख्य मुद्दा, त्यावर बोलता येईल, पण आधीच बराच वेळ गेला आहे. पुढं कधीतरी.

लेखात चौथा घात दुरुस्त केला आहे. तुमची प्रतिक्रिया आहे तशी ठेवली आहे, काढलेली नाही. त्यातलं ‘सीमाभागातल्या शाळांत’ एवढं तुम्ही स्वतः काढलंत तर बरं होईल. नाही काढलंत तरी मी काढणार नाही. माझे जुने विद्यार्थी इथं वाचायला येतात, त्यांना वाचू दे.