मेल उघडत नाही? घाबरू नका, आणि वाचू तर मुळीच नका

शुक्रवार सकाळचे अकरा. दुसरा चहा झालाय. काल गुरुवार, म्हणजे विजेच्या दुरुस्तीचा वार, त्यामुळे दिवसभर लाइट नव्हते. आज तुम्ही कॉम्प्युटर चालू केलात आणि मेल उघडेना. मनापासून अभिनंदन! परवा मेल उघडत होता तेव्हा घरात तुमच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. आता रविवारपर्यंत अख्खं घर तुमच्या खुर्चीमागे उभं राहणार आहे. अशी संधी रोज येत नाही, तेव्हा घाईघाईने ती सोडवून टाकू नका. खाली सांगतो तसं करा.

पहिली गोष्ट, पडद्यावर जे काही लिहून आलं असेल ते वाचायचं नाही. माणसाने लग्नपत्रिका वाचावी, निधनवार्ता वाचाव्यात, भेळेचा कागदसुद्धा उलगडून वाचावा. कॉम्प्युटरने लिहिलेलं मात्र वाचू नये. चौकोन आला की फुली, चौकोन आला की 'ओके'. समजा, क्रोमने इंग्रजीत लिहिलंय की तुमचं घड्याळ मागे आहे. अशा वेळी काय करायचं? भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. ते तर मागे नाहीच, उलट पाच मिनिटं पुढे आहे. ते आपणच तसं लावलंय, १९९४ पासून, गाडी चुकू नये म्हणून. म्हणजे मशीनच खोटं बोलतंय. मारा फुली.

आता संशय पासवर्डवर घ्या. बिचारा काळ्या ठिपक्यांमागे बसलेला असतो, बाजू मांडायला बाहेर येत नाही. बायकोचा मोबाइल घ्या (स्वतःचा नको, त्यात मेल आधीच उघडलेला असतो आणि सगळा मुद्दाच कोसळतो) आणि त्यावर पासवर्ड टाकून बघा. चुकला? पुन्हा तोच टाका, जरा जोरात दाबून. सातव्यांदा तोच पासवर्ड टाकताना चष्मा पुसून घेतला तर फरक पडतो अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. हाच खेळ कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर खेळायचा झाला तर आणखी रंगतो. तिथे कॅप्स लॉकचा दिवा असतो, तो बघायचा नसतो. शिवाय परवा सोसायटीची नोटीस मराठीत टाइप केली होती, तेव्हापासून कीबोर्ड मराठीतच आहे, हे खालच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. तेही बघायचं नसतं. कोणीतरी विंडोज टाकताना इंग्लंडचा कीबोर्ड निवडून ठेवला असेल, तर २ च्या डोक्यावरचं ॲट दाबल्यावर अवतरणचिन्ह उमटतं. नोटपॅडमध्ये आधी टाइप करून बघितलं की हे एका मिनिटात कळतं. म्हणून नोटपॅड उघडू नका.

पासवर्ड आठवत नसेल तर तो लिहून ठेवलेला असतोच. कॅलेंडरच्या पाठीमागे, दुधाच्या हिशेबाखाली, पेन्सिलीने. फक्त ते कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं आणि जानेवारीत रद्दीवाला ते किलोच्या भावाने घेऊन गेला. वाईट वाटून घेऊ नका. पासवर्ड दुसऱ्याच्या हाती पडणं ही चीज पासवर्डइतकीच जुनी आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एकच कॉम्प्युटर अनेकांनी वापरायचा म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरत नव्हते, तेव्हा १९६२ मध्ये त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर तास वापरले. म्हणजे कुलूप बसवून धड दोन वर्षंही झाली नसतील. आपल्या कॅलेंडरने निदान वर्षभर तरी गुपित सांभाळलं.

आता पासवर्ड बदला. गरज आहे का, असले प्रश्न विचारू नका. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह आणि दर थोड्या दिवसांनी बदल हा मंत्र २००३ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक-संस्थेसाठी बिल बर यांनी लिहून दिला. २०१७ मध्ये, निवृत्त झाल्यावर, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो असं ते म्हणाले. त्याच वर्षी त्या संस्थेनेही सांगितलं की चोरीचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. पण बरसाहेबांना पश्चात्ताप झाला म्हणून आपण आपला कुलाचार सोडायचा की काय? नातवाचं नाव, पुढे ॲट, पुढे १२३. मागच्या वेळी १२२ होतं.

बदलायचा तर कोड येतो. तो कुठे येतो? खातं ज्याने उघडून दिलं त्याच्या मोबाइलवर. खातं उघडून दिलं चिरंजीवांनी, आणि चिरंजीव आहेत न्यू जर्सीला. तुमच्याकडे सकाळचे अकरा तेव्हा उन्हाळ्यात तिथे रात्रीचा दीड. फोन लावा. पहिल्या रिंगला उचलला जाईल, कारण त्या वेळी घरून आलेला फोन म्हणजे एकच अर्थ असतो. "बाबा, काय झालं? आई बरी आहे ना?" आई बरी आहे, कोड सांग. तो उठणार, चष्मा शोधणार, सहा आकडे वाचणार. तुम्ही पेन शोधणार. पेन चालत नसणार. तोवर कोडची मुदत संपणार. दुसरा मागवा. आता त्याच्याकडे दोन कोड आहेत आणि तो पहिला वाचतोय. या निमित्ताने बापलेकाचं जेवढं बोलणं होतं तेवढं दिवाळीलाही होत नाही.

काही ठिकाणी, बँकेत वगैरे, कोडच्या जोडीला अजूनही एक गुप्त प्रश्न असतो. आईचं माहेरचं आडनाव काय? हा प्रश्न ज्याने काढला तो मराठी लग्नाला कधी गेलेला नाही. आपल्याकडे हे गुपित मामाच्या नावासकट पत्रिकेवर छापून, हळदकुंकू लावून, तीनशे घरांत हाताने पोचवलं जातं. चोराने फक्त जेवायला यायचं.

तर पासवर्ड बदलला. आता कॉम्प्युटरवरचा जुना मेल प्रोग्रॅम, जो आजवर मुकाट्याने चालत होता, तोही रुसणार आहे. त्यात जुनाच पासवर्ड साठवलेला असतो; तो दर दोन मिनिटांनी चौकोन काढून पासवर्ड मागेल, तुम्ही नवा द्याल, तो पुन्हा मागेल. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जाणं हा अनुभव प्रत्येकाने आयुष्यात एकदा घ्यावा, स्वभाव मऊ होतो. त्यामागचं कारण असं की गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी जुन्या प्रोग्रॅमना नुसत्या आयडी-पासवर्डावर आत घेणं बंद केलंय. नवे प्रोग्रॅम गूगलच्याच खिडकीतून लॉगिन करवतात. जुन्यांना वेगळा, १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड लागतो, आणि तो हवा तर खात्यावर आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर कोडही मागणं) चालू असावं लागतं. तुमचा तो १६ अक्षरी पासवर्ड भाच्याने गेल्या गणपतीत घालून दिला होता. मुख्य पासवर्ड बदलला की ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतो. म्हणजे जे बिघडलेलं नव्हतं ते तुम्ही आत्ता स्वहस्ते बिघडवलंत. छान चाललंय.

एव्हाना लक्षात येईल की कॉम्प्युटरवर मेलच काय, वर्तमानपत्रही उघडत नाही. म्हणजे नेट गेलं! बाहेरच्या खोलीत त्याच नेटवर टीव्हीवर मालिका चालू आहे, तिकडे दुर्लक्ष करा. राऊटरवरचा विणलेला रुमाल काढा. एलओएस नावाचा दिवा लाल असेल तर बाहेर कुठे तरी फायबर तुटलीय, बहुधा रस्ता खणताना, आणि तुमच्या हातात काही नाही. तो दिवा बंद आहे आणि बाकीचे हिरवे आहेत म्हणजे तुमच्यापर्यंत सगळं ठीक येतंय. ठीक असलेल्या यंत्राला तसंच सोडणं आपल्या रक्तात नाही, तेव्हा मागचं बारीक भोक शोधा आणि साडीची पिन घालून दहा सेकंद दाबून धरा. आत नेटवाल्याने भरून ठेवलेला आयडी आणि पासवर्ड होता, तो आता नाही. टीव्हीवरची मालिकाही नाही. आता खरी माणसं जमतील. नेटवाला फोनवर विचारेल, "काका, रिसेट दाबलंत का?" यावर उत्तर ठरलेलं आहे. "छे! आपोआप झालं."

तो संध्याकाळी येतो म्हणेल आणि उद्या येईल. तोवर हातावर हात ठेवून बसू नका. मोबाइलवर 'ईमेल कस्टमर केअर नंबर' असं शोधा आणि सर्वांत वर येणारा नंबर फिरवा. फुकटच्या मेलसाठी रात्री साडेनऊलाही फोन उचलून 'सर' म्हणणारा माणूस भेटणं हे केवढं भाग्य. तो एक ॲप उतरवायला सांगेल, नऊ आकडे विचारेल, मग तुमच्या मोबाइलवर तुम्ही काय करता ते सगळं त्याला दिसू लागेल. शेवटी प्रोसेसिंगचे दहा रुपये भरा म्हणेल, म्हणजे यूपीआयचा पिनही दिसला. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कसारख्या ॲपबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं, पण आपण वाचत नाही हे पहिल्याच नियमात ठरलंय. पैसे गेल्यावर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा असतो, तोही लगेच, रक्कम पुढे पळायच्या आत. तुम्ही मात्र दोन दिवस घरात कुणाला सांगूच नका. (या परिच्छेदापुरता माझा उपरोध कुणाला कळला नाही तर माझी झोप उडेल, म्हणून साध्या शब्दांत सांगतो: हे करू नका.)

रविवारी भाचा येईल. भाच्याला आधी पोहे द्या, मग कॉम्प्युटर. त्याची पद्धत अगदीच अघोरी आहे. तो खुर्चीवर बसतो आणि पडद्यावर लिहिलेलं वाचतो.

"मामा, हे वाचलंस का?"

"काय वाचायचंय? घड्याळ बरोबर आहे आपलं."

"भिंतीवरचं नाही रे. तारीख बघ."

उजव्या कोपऱ्यात १ जानेवारी २०१२ आहे. गुरुवारी लाइट गेले आणि मदरबोर्डावरचा सेल संपलेला असल्यामुळे कॉम्प्युटर तारीख विसरला. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. २०१२ सालात बसलेल्या कॉम्प्युटरला आजची प्रमाणपत्रं अजून जन्माला यायचीत, म्हणून तो कुणालाच दारात उभं करत नव्हता. सेलचं नाव सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे मिळतो. भाचा खाली जाऊन घेऊन येतो, बसवतो, तारीख लावतो. तुमच्या पोह्यांवरचं खोबरं अजून ओलं आहे.

मेल उघडतो. पहिलाच मेल खुद्द गूगलचा. शुक्रवारी सकाळी एका अनोळखी मोबाइलवरून तुमच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न झाला, तो तुम्हीच केलात का? खाली दोन बटणं. भाचा हात धुवायला आत गेलाय. तुम्हाला अनोळखी मोबाइल म्हटल्यावर घाम फुटतो. बायकोचा मोबाइल अनोळखी असेल असं तुमच्या मनातही येत नाही. 'नाही, तो मी नव्हतो' हे बटण तुम्ही ठामपणे, जरा जोरातच दाबता.

मेल बंद. सगळीकडून लॉगआउट. नवा पासवर्ड ठेवा, कोड पाठवलाय.

भिंतीवर अकरा वाजून पाच मिनिटं झालीत, म्हणजे अकरा. न्यू जर्सीत दीड.