देवबागचे डॉल्फिन पाळलेले नाहीत

तारकर्ली-देवबागचे डॉल्फिन पाळलेले आहेत, शिट्टी मारली की बोटीजवळ येतात, असा मेसेज फिरतोय. साफ खोटं. हे मोकळ्या समुद्रातले वन्य प्राणी, पाठीवर उंचवटा असलेले हम्पबॅक डॉल्फिन. मासळीमागे ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात येतात. श्वास घ्यायला वर आले की तो उंचवटा आणि त्यावरचा छोटा पर दिसतो, तोही क्षणभर. (फोन काढेपर्यंत खेळ संपलेला असतो.) इंजिनाची बोट मागे लावली तर बुडी मारून ते लांब निघून जातात. त्यामुळे ‘हमखास दर्शन’ कुणीच देऊ शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत ते येतात. पाठलागासाठी बोटवाल्याला भरीला पाडू नका. पावसाळ्यात तर डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींच्या फेऱ्या बंदच असतात.