खेळणं घ्यावं, खेळू नये

लेगोच्या, म्हणजे एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या, लिमिटेड एडिशनचा संच घ्यायचं तुम्ही ठरवलंत, त्याबद्दल आधी अभिनंदन. खरं तर तुम्ही काहीच ठरवलेलं नाही. रात्री झोपण्याआधी फोनवर एक अंतराळयान गरगर फिरताना दिसलं, त्याच्याखाली 'मर्यादित साठा' असं लिहिलं होतं आणि बोट आपोआप पुढे गेलं. सगळ्यांची सुरुवात अशीच होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजायला पुढे भरपूर जागा आहे.

घरात मुलं असतील तर सगळ्यात आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. हे काम कंपनीने सोपं करून ठेवलं आहे. 2020 पासून लेगोने मोठ्यांसाठीचे संच काळ्या डब्यात घालून त्यावर '18+' असं ठसठशीत छापायला सुरुवात केली. मुलाने हात पुढे केला की तो आकडा दाखवायचा. 'बाळा, हे तुझ्या वयाचं नाही' हे वाक्य एखाद्या खेळण्याच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणता येणं ही या शतकातली मोठीच सोय आहे. मुलाला मग दुसरं काहीतरी घेऊन द्या. तो ते लगेच फोडेल, त्याच्याशी खेळेल आणि संध्याकाळपर्यंत त्याचे दोन तुकडे सोफ्याखाली जातील. पोरांना गुंतवणुकीतलं काही कळत नाही.

तुम्हाला थोडा इतिहासही ठाऊक असावा, कारण पाहुण्यांसमोर तो लागतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क ख्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने 1932 मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली आणि पुढे त्याच कारखान्यातून प्लास्टिकचे ठोकळे निघाले. आजच्या ठोकळ्याचं पेटंट 1958 सालचं. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो, हे सांगताना आवाज जरा खाली आणावा. एकाच रंगाचे, दोन बाय चार उंचवट्यांचे सहा ठोकळे घेतले तर ते 91,51,03,765 तऱ्हांनी जोडता येतात, हेही सांगावं. पाहुणे चाट पडतात. त्यातली एकही तऱ्हा आपण करून पाहणार नाही, हे सांगायची गरज नसते. जी वस्तू मोडून पुन्हा पुन्हा नवं काही करण्यासाठी जन्माला आली, ती एकाच अवस्थेत, म्हणजे बंद डब्यात, कायमची ठेवणं यातच तर संग्राहकाचं कसब आहे.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. नवा संच बाजारात येतो तो बहुधा जगातल्या कुठल्यातरी देशातल्या मध्यरात्री, त्यामुळे तुमच्याकडे तेव्हा काय वाजले असतील याचा हिशेब आधीच करून ठेवा. लॅपटॉप, फोन आणि घरात असेल तो टॅब, तिन्हींवर साइट उघडून बसा. ठरलेली वेळ झाली की साइट उघडत नाही. हे शुभचिन्ह समजावं. मग एक रांगेचं पान येतं. त्यावर एक छोटंसं चित्र चालत असतं आणि 'हे पान रिफ्रेश करू नका' अशी सूचना असते. तुम्ही रिफ्रेश करणार नाही. पण टॅबवरची रांग लॅपटॉपच्या पुढे गेलेली दिसते, म्हणून लॅपटॉपचं पान बंद करता आणि तेवढ्यात टॅबची बॅटरी संपते. असो. शेवटी वस्तू कार्टमध्ये पडते, तुमचा हात थरथरतो, पत्ता आधीच भरलेला असतो, कार्डाचा नंबर पाठ असतो आणि नेमका ओटीपी येत नाही. तो येतो तेव्हा पानाची मुदत संपलेली असते. लागोपाठ दुसऱ्यांदा पैसे भरायचा प्रयत्न झाला की बँकेला संशय येतो आणि ती कार्ड अडवते. अवेळी एवढी मोठी रक्कम खेळण्यांवर खर्च करणारा माणूस शुद्धीवर नसणार, असं त्या यंत्रणेचं मत असतं. तुमच्या आयुष्यात तुमची इतकी काळजी करणारं दुसरं कोणी नाही, तरी तुम्ही कस्टमर केअरला फोन लावून भांडता.

मग 'सोल्ड आऊट' येतं. इथे खचून जाऊ नका. थोड्याच वेळात तोच संच दुसरीकडे तिप्पट भावाने विकायला आलेला असतो, फोटोत डबा नाही, फक्त ऑर्डर झाल्याची पावती. या माणसाकडे अजून वस्तू नाही, तुमच्याकडे पैसे नाहीत, म्हणजे व्यवहाराला उत्तम पाया आहे. नवखा संग्राहक इथे पैसे भरतो. मुरलेला संग्राहकही भरतो, फक्त भरताना 'बाजार बिघडवला या लोकांनी' असं म्हणतो. काही दिवसांनी मूळ साइटवर माल पुन्हा आलेला दिसतो, मूळ किमतीला. तेव्हा तो एक आणखी घ्यावा, म्हणजे सरासरी खरेदी किंमत खाली येते. दोन संचांचे मिळून जास्त पैसे गेले हे खरं, पण सरासरी कमी झाली. हे गणित घरी समजावून सांगता आलं तर मला कळवा.

एका घरात दोनच, असा नियम बऱ्याचदा असतो. सासुरवाडी याच कामासाठी असते.

भेटवस्तूचं प्रकरण निराळं आहे. ठराविक रकमेवर खरेदी केली की सोबत एक छोटा संच फुकट मिळतो, तोही साठा असेपर्यंतच. तुमची खरेदी त्या रकमेच्या थोडी अलीकडे अडकलेली असते, कारण ती तिथेच अडकावी अशी रचना असते. मग तुम्ही एक फुलदाणी घेता. प्लास्टिकच्या फुलांचा संच घेता. पुढे कधीतरी लक्षात येतं की फुकटची वस्तू मिळवण्यासाठी घेतलेल्या वस्तूंनी एक कपाट भरलंय.

डबा घरी आला की खरा संग्राहक ओळखता येतो. सामान्य माणूस डबा फोडतो. तुम्ही बाहेरचं खोकं टेबलावर ठेवा, कटरचं पातं अगदी थोडं बाहेर काढा आणि टेपच्या कडेकडेने चालवा, आतल्या डब्याला धक्का लागता कामा नये. मग तो बाहेर काढून खिडकीशी न्या, एकेक कोपरा बोटाने चाचपून बघा. सील गोल स्टिकरचं असेल तर त्याच्या कडा नखाने नाही, नजरेने तपासा. आठांपैकी एखादा कोपरा दबलेला सापडतोच. तांदळाएवढा. आतले हजारो तुकडे धडधाकट असतात आणि तुम्ही ते कधीच बघणार नसता, पण तो कोपरा आता तुम्हाला रात्री झोपू देणार नाही. डबा बदलून मागा. बदलून आलेल्या डब्याचे दोन कोपरे दबलेले असतात.

डबा हलवून आवाज ऐकायची पद्धत मात्र सोडून द्या. काही चतुर लोक डबे घेतात, आतले ठोकळे काढून त्याऐवजी सुका पास्ता भरतात आणि सील लावून दुकानाला परत देतात. आवाज जवळपास तसाच येतो. एका अर्थी तुम्हाला यात काळजीचं काही कारणच नाही: जो डबा कधी उघडणारच नाही, त्यात ठोकळे आहेत की मॅकरोनी, याने तुमच्या संग्रहाला काय फरक पडतो? पण असे प्रश्न विचारू नयेत. संग्रह बिघडतो.

दुर्मिळ म्हणजे काय, हेही समजून घ्या. 2013 मध्ये लेगोने छोट्या बाहुल्यांच्या दहाव्या मालिकेत 'मिस्टर गोल्ड' नावाची एक सोनेरी बाहुली घातली, जगभरात फक्त 5,000. पाकिटावरून आत काय आहे ते कळत नसे. मग मोठमोठी माणसं दुकानांत उभी राहून बंद पाकिटं चिमटीत धरून चाचपू लागली. डोळे मिटून, चेहऱ्यावर गंभीर भाव. एरवी दवाखान्यात नाडी बघतानाच असा चेहरा होतो. तीन-चार सेंटिमीटरची ती बाहुली सोन्याची नाही, प्लास्टिकचीच आहे.

गुंतवणुकीचा मुद्दा घरी काढावाच लागतो, तेव्हा आकडे जवळ ठेवा. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी 1987 ते 2015 या काळातल्या दोन हजारांहून अधिक बंद संचांच्या किमती तपासल्या आणि वर्षाला सरासरी 11 टक्क्यांच्या आसपास परतावा काढला. हा आकडा पाठ करा, जमल्यास फ्रिजवर लावा. त्याच अभ्यासात असंही आहे की काही संच वर्षाला निम्म्याने उतरले आणि काही सहापटीने चढले. हे वाक्य पाठ करायची गरज नाही. चढलेले ते आपले, उतरलेले ते दुसऱ्यांचे, एवढी शिस्त मनाला लावली की झालं. शिवाय परतावा मोजताना खोलीचं भाडं, पाठवणीचा खर्च, विक्रीच्या साइटचं कमिशन आणि हवेतला ओलावा शोषणारी यंत्रं धरायची नसतात. ती धरली तर तो छंद राहतो, आणि छंदाला घरून मंजुरी मिळत नाही.

अर्थात परतावा मिळायला विकावं लागतं. तिथे जरा अडचण आहे. संच दुकानातून बंद झाला, म्हणजे रिटायर झाला, की भाव वाढू लागतो. वाढतोय तर कशाला विकायचा? उतरू लागला तर पडत्या भावाने कोण विकेल? आणि स्थिर असेल तर थांबायला काय हरकत आहे? सबब कोणत्याही परिस्थितीत विकायचा नाही. एखादा संच कधी रिटायर होणार याची कंपनीकडून पक्की तारीख मिळत नाही, पण याद्या मात्र फिरत असतात, आणि त्या याद्या करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे तोच संच विकायला असतो. योगायोग.

तुमच्या छंदाला प्रतिष्ठा नाही असं कोणी म्हटलं तर त्याला सांगा की 2024 मध्ये कॅलिफोर्नियाच्या पोलिसांनी लाँग बीचमधल्या एका घरातून चोरीचे 2,800 हून जास्त लेगोचे डबे जप्त केले. चोर हिशेबी असतात. त्यांनी तुमच्यासारखाच संग्रह जमवला, पैसे तेवढे दिले नाहीत. पसाऱ्याच्या बाबतीत त्यांच्या घरच्यांचं काय म्हणणं होतं, ते बातमीत आलं नाही.

काहींना मोह आवरत नाही आणि ते डबा उघडून संच जोडतात. त्यांच्याविषयी थोडक्यात. पांढरे आणि करडे ठोकळे उन्हात पिवळे पडतात, काही ठराविक वर्षांत बनलेले तपकिरी ठोकळे काढताना तडकन मोडतात आणि उरलेल्या सगळ्यांवर धूळ बसते. ती रंगाच्या बारीक ब्रशने झाडावी लागते. हे लोक तक्रार करतात, पण एकूण खुशीत दिसतात. त्यांच्या नादी लागू नका.

शेवटी एका प्रसंगाची तयारी आताच करून ठेवा: तुमचा संच पुन्हा बाजारात येणं. 'स्टार वॉर्स' सिनेमांतल्या 'मिलेनियम फाल्कन' या यानाचा 2007 चा मोठा संच 5,195 तुकड्यांचा होता. तो बंद झाल्यावर मूळ 500 डॉलरचे अनेक पट भाव लोकांनी मोजले, आणि 2017 मध्ये कंपनीने 7,541 तुकड्यांचं नवं यान 800 डॉलरला काढलं. त्यात निदान यानाची रचना तरी वेगळी होती. ताजमहालाचं तसं झालं नाही. 2008 चा ताजमहाल 5,922 तुकड्यांचा. तो रिटायर झाला, दुर्मिळ झाला, लोकांनी डोळे मिटून वाट्टेल ते पैसे दिले, आणि 2017 मध्ये कंपनीने जवळजवळ तोच ताजमहाल नव्या नंबराने परत दुकानात ठेवला. जुन्या डब्यांचे भाव खाली आले.

असं झालं की लगेच जाहीर करा की आपण पैशांसाठी कधीच घेत नव्हतो, आपलं या वस्तूवर प्रेम आहे. हे घरात आधी, मित्रांना नंतर सांगा. मग नवीन संचही मागवा, कारण अभ्यासू संग्राहकाकडे दोन्ही आवृत्त्या हव्यात. दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवा. नव्या ताजमहालात 5,923 तुकडे आहेत, जुन्यापेक्षा एक जास्त. तो कोणता, हे डबा उघडून, सगळे तुकडे मोजल्याशिवाय तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार नाही. आणि डबा तर उघडायचा नाही.