काना निखळला तेव्हा

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्या सेलूत मोठे वादळ सुटले. त्याने चुलत्यांच्या शेतातील गोठ्यावरचे पाच पत्रे उडवून नेले आणि आमच्या घरात सगळीकडे मातीचा थर आणून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नेहमीप्रमाणे घरातल्या प्रत्येक वस्तूवरून फडके फिरवले आणि टेबलावर उघडा राहिलेला माझा लॅपटॉपही त्याच फडक्याने, त्याच जोराने पुसला. फडक्याचा एक दोरा कशात तरी अडकला, तिने तो ओढला आणि त्याच्याबरोबर एक बटन उडून दिवाणाखाली गेले. "काय की बाबा, नुसता हात लागला अन् निघूनच आलं बघ ते," एवढे म्हणून ती पुढच्या खोलीतली धूळ पुसायला गेली.

कीबोर्डवरच्या या तुकड्याला 'कळ' असा चांगला मराठी शब्द आहे, पण मी तो बोलताना कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आमच्याकडे ते बटनच आहे, म्हणून इथेही बटनच म्हणतो. निघालेले बटन ई या इंग्रजी अक्षराचे होते. मी मराठी लिहितो ते इन्स्क्रिप्ट मांडणीत, म्हणजे भारतीय लिप्यांतले कोणते अक्षर कीबोर्डच्या कोणत्या बटनावर हे ठरवणाऱ्या, १९८६ पासून सरकारी मानक असलेल्या मांडणीत, आणि तीत ई या बटनावर काना असतो. शिफ्ट दाबून तेच बटन दाबले की 'आ' उमटतो. नेमका त्याच दिवशी मला चुलत्यांसाठी तहसील कार्यालयात द्यायचा नुकसानीचा अर्ज लिहायचा होता. काना नसेल तर वादळाचे 'वदळ' होते, नुकसानाचे 'नुकसन' होते, आणि अर्जदार राहतो तो मराठवाडा 'मरठवड' होतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याचे एक अक्षर अडले असते, माझी मात्र सगळी भाषाच अडली.

बटन निघाल्यावर कीबोर्डवर एक रबराची छोटी वाटी उघडी पडली होती. ती पेनच्या मागच्या टोकाने दाबून पाहिली, तर काना उमटला. मोडतोड किती खोल आहे हे ठरवणारी खरी चाचणी एवढीच आहे, आणि ती प्रत्येकाने सर्वांत आधी करावी असे मला वाटते. आपण बोटाने दाबतो ते प्लास्टिकचे बटन आणि त्याखालची कैची, म्हणजे बटनाला वरखाली होऊ देणारी छोटी घडीची चौकट, यांचा विजेशी काहीही संबंध नसतो. अक्षर उमटते ते अगदी तळाला असलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या तीन पातळ पापुद्र्यांमुळे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक शाईने रेषा छापलेल्या असतात आणि मधल्या पापुद्र्याला प्रत्येक बटनाच्या जागी एक भोक असते. रबराची वाटी दबली की वरचा पापुद्रा त्या भोकातून खालच्याला टेकतो आणि संगणकाला अक्षर कळते. त्यामुळे उघडी वाटी दाबून अक्षर उमटत असेल, तर कीबोर्ड शाबूत आहे आणि फक्त त्याची टोपी उडाली आहे, असे खुशाल समजावे. त्या रात्री मी चुलत्यांचा अर्ज पेनचे टोक वाटीवर टेकवत पूर्ण केला. प्रत्येक कान्याला थांबावे लागत होते, त्यामुळे माझ्या आयुष्यातला तो सर्वांत कमी शुद्धलेखनाच्या चुका असलेला अर्ज ठरला.

सोमवारी अर्ज देऊन झाल्यावर परभणीला एका दुकानात गेलो. दुकानदाराने बटन हातात घेऊन उलटे केले, नखाने कैची चाचपली आणि सांगितले, "सर, याचं एक बटन मिळत नसतंय. पूर्ण कीबोर्डच बदलावं लागतंय. बावीसशे रुपये अन् दोन दिवस लागतील." मी चिडलो नाही, कारण तो मला फसवत नव्हता. त्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे सुटे बटन येतच नाही, येतो तो अख्खा कीबोर्ड. शिवाय एक बटन बसवून दिले तर त्याने ग्राहकाकडे काय मागावे? पन्नास रुपये मागितले तर ग्राहक म्हणतो की दोन मिनिटांच्या कामाचे पन्नास कसले, आणि आठ दिवसांनी ते पुन्हा निघाले तर तोच ग्राहक दारात उभा राहतो. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. आताच्या बहुतेक स्वस्त लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या कवचाला प्लास्टिकचे अनेक ठिपके वितळवून कायमचा जोडलेला असतो. पूर्वी अनेक लॅपटॉपमध्ये खालचे तीन-चार स्क्रू काढले की कीबोर्ड ताटासारखा उचलून हातात यायचा. आता ते वितळलेले ठिपके एकेक करून तोडावे लागतात किंवा अख्खे कवचच बदलावे लागते. म्हणजे नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा तुटला म्हणून चालू असलेली इतर सगळी बटने भंगारात जातात. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचे पोर्टल सुरू केले आणि कंपन्यांनी दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी असा त्यामागचा हेतू होता. हेतू चांगलाच आहे. पण सेलूतल्या माणसाला हवी असलेली कैची परभणीच्या दुकानाच्या खणात पोहोचत नाही, तोवर तो हक्क माझ्या टेबलापर्यंत आलेला नाही.

मी बटन कागदाच्या पुडीत बांधून तसाच परत आलो.

आता दुरुस्तीविषयी. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, खिडकीपाशी उजेडात बसावे आणि पहिली दहा मिनिटे कशालाही हात न लावता नुसते पाहावे, असे माझे मत आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहिला की डोळ्यांना न दिसणारे सगळे दिसते. बटनाखालची कैची म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या दोन चौकटी, एक बाहेरची मोठी आणि एक आतली लहान. मला ती पाहताच पोथी ठेवायचे घडीचे लाकडी व्यासपीठ आठवले. उघडले की फुलीसारखे उभे राहते, दाबले की सपाट होते. सपाट होताना त्याचे पाय फाकतात, म्हणून कैचीचे एक टोक एका जागी फिरते आणि दुसरे टोक घसरते. एवढे लक्षात आले की बाकीचे आपोआप कळते. खालच्या धातूच्या पत्र्यातून लहान आकडे वर वाकवलेले असतात. त्यांपैकी एका बाजूचे आकडे कैचीची टोके पक्की धरून ठेवतात आणि दुसऱ्या बाजूचे तिला घसरायला वाट देतात. बटनाच्या पोटातही अशाच दोन जातीच्या खाचा असतात. बटन जबरदस्तीने दाबून बसत नाही याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की आपण घसरणारी बाजू धरणाऱ्या खाचेत घालत असतो.

नुसते बटन निघाले असेल आणि कैची खाली जागेवर असेल, तर बटन चारही कडा जुळवून वर ठेवावे आणि अंगठ्याने आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने हलके दाबावे. टक् असा आवाज येतो. आवाज आला नाही तर जोर वाढवू नये, बटन उचलून पुन्हा पाहावे. कैचीही बटनाबरोबर निघून आली असेल, तर ती बटनातून सोडवून आधी पत्र्यावर बसवावी लागते. धरणाऱ्या आकड्यांची बाजू प्रथम, मग सुईच्या टोकाने दुसरी बाजू थोडी वाकवून आत. बसल्यावर सुईने कैची उचलून सोडून पाहावी. ती मोकळेपणाने उठली आणि सपाट झाली, तरच बटन वर ठेवावे. बटन आणि कैची जोडलेल्या अवस्थेतच वरून दाबून बसवण्याचा मोह होतो, आणि बहुतेक कैच्या तिथेच मोडतात.

स्पेस, एंटर, बॅकस्पेस आणि शिफ्ट या लांब बटनांखाली कैचीखेरीज एक बारीक तारही असते. बटन कोणत्याही टोकाला दाबले तरी ते सगळे एकसारखे खाली जावे, हे त्या तारेचे काम. आधी तारेची टोके पत्र्यावरच्या कोयंड्यांत सरकवायची, मगच बटन दाबायचे. सुरुवातच स्पेसच्या बटनाने करणाऱ्याला मी शुभेच्छा देईन, सल्ला देणार नाही.

बसवण्याआधी खालची धूळ काढावी. आमच्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि उन्हाळ्यात कूलरची ओल लागली की तिची पेस्ट होते. जुना मऊ टूथब्रश पुरतो. चिकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला जेमतेम लावून पुसावे आणि वाळू द्यावे. पाणी अजिबात नको. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किराणा दुकानात मिळणारी झटपट गोंदाची ती छोटी ट्यूब घरातल्या दुसऱ्या खोलीत ठेवावी. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या लॅपटॉपचे एन हे बटन सैल झाले होते आणि मी त्यावर गोंदाचे दोन थेंब टाकले. गोंद कैचीत उतरला, वाटीला लागला, बटन दाबलेल्या अवस्थेतच कायमचे वाळले आणि इन्स्क्रिप्टमध्ये एनवर 'ल' असल्यामुळे कोणतीही फाइल उघडली की ती ललललल अशी भरत जायची. सैल बटन हा हालचालीचा बिघाड आहे आणि गोंद हालचालच बंद करतो, एवढे साधे मला तेव्हा सुचले नव्हते. अपवाद एकच. रबराची वाटीच तळापासून सुटली असेल, तर तिच्या कडेला, फक्त कडेला, टाचणीच्या टोकाने लवचिक राहणारा गोंद लावता येतो. मधला भाग कोरडा राहिला पाहिजे.

यंदाही माझ्या हातून एक चूक झालीच. ईची कैची कशी बसते हे कळावे म्हणून मी शेजारचे आर हे चांगले बटन उचकटून पाहिले. दहा मिनिटांनी माझ्याकडे एकाऐवजी दोन निघालेली बटने होती, आणि आरवर दीर्घ वेलांटी असते. ते बटन सुदैवाने पुन्हा बसले. चांगल्या बटनाचा फोटो काढावा, कडेने बॅटरीचा उजेड पाडून डोकवावे, पण ते उचकटू नये.

मात्र ईच्या कैचीची एक खुंटी मोडलेली होती, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. इथे दोनच मार्ग उरतात. ऑनलाइन सुटी बटने मिळतात, पण लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक जुळून भागत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या घडणीचे कीबोर्ड बसवलेले असतात. म्हणून आपल्या पत्र्यावरचे आकडे विक्रेत्याच्या फोटोशी ताडून पाहावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे आपल्याच कीबोर्डवरचे कमी लागणारे बटन शोधून त्याची कैची उसनी घेणे. अक्षरांच्या बटनांच्या कैच्या सहसा एकसारख्या असतात, वरच्या ओळीतल्या आखूड बटनांच्या मात्र वेगळ्या.

हे सगळे लागू होते ते कैचीच्या कीबोर्डला. ॲपलने २०१५ मध्ये मॅकबुकवर आणलेल्या फुलपाखरी बटनांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती बटने जेमतेम हलत आणि धुळीचा एखादा कण आत गेला तरी अडकत. कंपनीला जून २०१८ मध्ये ती विनामूल्य दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर करावी लागली, आणि नोव्हेंबर २०१९ मधल्या १६ इंची मॅकबुक प्रोपासून ती पुन्हा कैचीकडे वळली. धूळ ही केवळ मराठवाड्याचीच अडचण नाही, हे वाचून मला थोडे बरे वाटले होते. आणि लॅपटॉप वॉरंटीत असेल तर सुई हातात घेण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात. आपण मोडलेले बटन त्यांत सहसा बसत नाही, पण आपोआप निखळलेले बसू शकते.

मी झेडची कैची काढली. इन्स्क्रिप्टमध्ये मराठीचे एकही अक्षर झेडवर अवलंबून नाही, त्यामुळे त्यागासाठी तेच योग्य वाटले. ती कैची ईच्या जागी पहिल्या प्रयत्नात बसली, बटनाचे दोन टक् ऐकू आले आणि मी 'मराठवाडा' हा शब्द पाच वेळा लिहून पाहिला. पाचही वेळा तिन्ही काने आले. सहाव्यांदा मी चुकून परिच्छेदच पुसून टाकला, आणि तो परत आणण्यासाठी कंट्रोल धरून बोट सवयीने झेडवर गेले, तर तिथे फक्त रबराची वाटी होती. वाटी दाबली. परिच्छेद परत आला. गेले तीन आठवडे ती वाटी तशीच उघडी आहे आणि आईला मी लॅपटॉप पुसण्यासाठी एक वेगळा, दोरे न निघणारा रुमाल दिला आहे. तो तिने कपाटात घडी घालून जपून ठेवला आहे.