पोत, घडण आणि तुमच्या वडिलांचा माळ

नमस्कार,

‘शेणखतानं जमिनीचा पोत सुधारत नाही, असं लिहिणाऱ्यानं कधी डोक्यावर पाटी घेतली आहे का? आमच्या वडिलांनी मुरमाड माळावर वीस वर्षं शेणखत आणि तळ्यातला गाळ टाकला, आज तिथं ज्वारी डुलते. शब्दांचा कीस पाडून शेतकऱ्याला काय मिळणार?’ असं तुम्ही माझ्या लेखाखाली विचारलंय.

पाटी घेतली आहे. पण तुमच्या रागातला निम्मा भाग मला मान्य आहे. आपण गावात ‘पोत सुधारला’ म्हणतो तेव्हा जमीन भुसभुशीत झाली, ओल धरू लागली, कस वाढला, हे सगळंच त्यात येतं. कापड चिमटीत धरून बघावं तशी माती बघतो आपण. या बोलण्याला चूक ठरवणारा मी कोण? माझं ते वाक्य फारच तुटक होतं.

मृदाशास्त्रात मात्र पोत म्हणजे फक्त वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं आपसातलं प्रमाण. वाळूचा कण जास्तीत जास्त २ मिलिमीटरचा, चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक, मधला तो पोयटा. हे सगळे खडक झिजून झालेले कण. शेणखत कितीही घाला, वाळूची चिकणमाती होत नाही. शेणखत बदलतं ती घडण, म्हणजे हे सुटे कण एकमेकांना धरून जे रवे बनतात ती. खत कुजताना जिवाणूंचा चिकट स्राव आणि बुरशीचे तंतू रवा बांधतात. आपल्याकडच्या उन्हात सेंद्रिय पदार्थ भराभर संपतो, म्हणून खत पुन्हापुन्हा घालावं लागतं.

आता तुमचा माळ. तिथला पोत खरंच बदलला असणार, पण गाळामुळे! हिशेब करून बघा. एकरभर एक इंच गाळ पसरायचा तर साधारण ३६ ब्रास लागतो (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तो खालच्या सहा इंच मातीत मिसळला की वरच्या थराचा सातवा हिस्सा नवा झाला, आणि तळ्याच्या गाळात पोयटा-चिकणमातीच जास्त असते. उलट एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन भरतं सुमारे ९०० टन. त्यात पाच टन शेणखत म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि त्यातही पाणी किती! वडिलांनी केलं ते बरोबरच होतं, फक्त गाळाच्या पाटीचं श्रेय शेणाच्या पाटीला गेलं.

राहिला शब्दांचा कीस. कोल्हापूर-सांगलीतल्या शिरोळ, वाळव्याकडच्या चोपण, म्हणजे सोडियम वाढून बिघडलेल्या जमिनी पाहिल्यात का? काळी, भारी माती, चिकणमाती भरपूर. उसाला वर्षानुवर्षं पाणी, निचरा नाही. सोडियम वाढला आणि रवे फुटून गेले. आता पाणी मुरत नाही, वाळली की दगड. पोत होता तोच आहे, मोडली ती घडण. तिथं निचऱ्याची सोय करून जिप्सम देतात. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सोडियम पाण्याबरोबर धुऊन जातो. ‘पोत बिघडलाय’ म्हणून कुणी तिथं तळ्याचा गाळ नेऊन ओतला, तर भारी जमीन आणखी भारी होईल.

मीही एकदा ‘पोत सुधारक’ लिहिलेली बाटली आणली होती. एकरी अर्धा लिटर. ९०० टनांत अर्धा लिटर! हा हिशेब मी पैसे दिल्यानंतर केला.

तुम्ही मृद आरोग्य पत्रिकेचाही, म्हणजे माती तपासणीच्या सरकारी अहवालाचाही दाखला दिलाय. तिच्यावर बारा आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब. पोत त्यात नाही. तो घरीच बघता येतो. काचेच्या सरळ बरणीत तिसरा हिस्सा चाळलेली माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर. खूप हलवून ठेवून द्या. मिनिटाभरात वाळू बसते, काही तासांत पोयटा, चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात. मग पट्टीनं थर मोजा.

दोन बरण्या लावा. एकीत माळावरची माती, दुसरीत बांधापलीकडच्या, गाळ कधीच न पडलेल्या तुकड्याची. थर किती किती आले ते इथंच लिहा. माझा अंदाज चुकला असेल तर लेखात तशी दुरुस्ती करतो.