सिमेंटचा गुडघा दहा वर्षांत सुटतो? नाही

गुडघेबदलाची तारीख ठरली की व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास एक मेसेज येतो: "सिमेंटने बसवलेला गुडघा दहा वर्षांत सुटतो. सिमेंटची उष्णता हाड जाळते. सिमेंटशिवायचा गुडघा हाडाशी एकजीव होतो आणि जन्मभर टिकतो. डॉक्टरांकडे तोच मागा." यातल्या काही वाक्यांत खऱ्याचा अंश आहे, म्हणून ते पटतं. पण निष्कर्ष चुकीचा आहे. ठिसूळ हाडांच्या सत्तरीतल्या बाईने हे वाचून हट्ट धरला, तर नुकसान तिचंच होतं.

"दहा वर्षांत सुटतो." हे सिमेंट बांधकामाचं नव्हे, पीएमएमए नावाचं अ‍ॅक्रिलिक आहे. नेहमीच्या पाकिटात 40 ग्रॅम भुकटी आणि 20 मिलिलिटरच्या आसपास द्रव असतो. दोन्ही कालवले की साधारण दहा-बारा मिनिटांत दगड होतो. ते डिंकासारखं चिकटवत नाही. हाडाच्या जाळीदार छिद्रांत शिरून तिथेच आवळून बसतं. म्हणून पकड किती पक्की होणार, हे बरंचसं त्या काही मिनिटांत ठरतं. कापलेलं हाड जेट लॅव्हाजने, म्हणजे सलाइनच्या जोरदार फवाऱ्याने, धुऊन रक्त-चरबी काढली आणि नीट टिपून घेतलं, तर सिमेंट 3 ते 5 मिलिमीटर आत जातं. धुण्यात हयगय झाली तर वरवरच राहतं. मळलेला गोळा हातमोज्याला चिकटायचा थांबला की लगेच लावायचा. उशीर झाला तर तो छिद्रांत शिरतच नाही. नडगीच्या हाडावर बसणाऱ्या धातूच्या तबकडीच्या, म्हणजे ट्रेच्या, खालच्या बाजूलाही सिमेंटचा हात आधीच फिरवून घ्यावा, कारण हाडातून झिरपलेली चरबी धातूवर बसली की पकड जाते. आणि घट्ट होईपर्यंत पाय जराही हलवायचा नाही.

यातली एखादी पायरी चुकली, पायाचा अक्ष वाकडा राहिला किंवा झिजलेल्या प्लास्टिकच्या कणांनी हाड पोखरलं, की ट्रे सैल होतो. दहा वर्षांची मुदत सिमेंटवर कुठेही लिहिलेली नाही. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या सांधेबदलांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांवरून 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हिशोब आला: संपूर्ण गुडघेबदलांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षांनीही जागेवर. इंग्लंड-वेल्सच्या नोंदणीतही बहुसंख्य गुडघे सिमेंटचेच आहेत.

"उष्णता हाड जाळते." घट्ट होताना सिमेंट तापतं, हे खरं. पण जाड गोळा तापतो तितका पातळ थर तापत नाही. शिवाय शेजारचा धातू आणि ओलं हाड उष्णता ओढून घेतात. सिमेंटची आणखी एक भीती घातली जाते, रक्तदाब एकदम उतरण्याची. तो धोका मुख्यतः खुब्याच्या शस्त्रक्रियेत, मांडीच्या हाडाच्या पोकळीत सिमेंट दाबून भरताना असतो. गुडघ्यात तो क्वचितच दिसतो.

"हाडाशी एकजीव होतो." होतो, पण अटीवर. ट्रेच्या सच्छिद्र टायटॅनियममध्ये हाड वाढायला काही आठवडे लागतात. तोवर ट्रे आणि हाड यांच्यातली हालचाल 50 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असावी. 150 च्या पुढे गेली की हाडाऐवजी तंतुमय पडदा तयार होतो आणि ट्रे कायमचा डुगडुगतो. त्यासाठी काप आरशासारखा सपाट लागतो. झिजलेल्या बाजूचं हाड कडक झालेलं असतं, तिथे करवतीचं पातं वर उचललं जातं आणि बारीक उंचवटा राहतो. ट्रेची एक कड बोटाने दाबावी. दुसरी उचलली गेली तर काप पुन्हा करायचा. पात्यावर सलाइन सोडत राहायचं, नाहीतर मेसेजमध्ये ज्याची भीती घातली आहे तसं हाड भाजणं इथेच होतं. सिमेंट अशा बारीक फटी भरून काढतं. सिमेंटशिवायच्या सांध्यात ती सवलत नाही. हाड मऊ असेल तर ट्रे आत रुततो.

1980च्या दशकातल्या सिमेंटशिवायच्या सांध्यांनी, विशेषतः धातूची पाठ असलेल्या गुडघ्याच्या कृत्रिम वाट्यांनी, बराच त्रास दिला. आताचे थ्रीडी प्रिंटिंगचे ट्रे खूप सुधारलेले आहेत. पण तुलनात्मक चाचण्यांत ते सिमेंटच्या बरोबरीने टिकतात, ठळकपणे पुढे गेलेले नाहीत. तरुण, वजनदार, मजबूत हाडांच्या रुग्णाला ते देण्यात आम्हाला तर्क दिसतो. अर्धा गुडघा बदलताना तर काही नोंदणींत सिमेंटशिवायच्या सांध्याचे आकडे सरस आहेत. मात्र तिथे नडगीचं हाड तडकण्याची काळजी घ्यावी लागते.

"जन्मभर टिकतो." झिजणारं मधलं प्लास्टिक दोन्ही प्रकारांत असतंच. जंतुसंसर्ग आणि अस्थिरता यांमुळे होणाऱ्या पुनर्शस्त्रक्रिया सिमेंट नसल्याने टळत नाहीत. उलट हाड पक्कं वाढलेला ट्रे काढायचा झाला तर पातळ करवत आणि छिन्नी घालावी लागते आणि हाडही जातं.

दोन्ही प्रकारांत बहुतेक रुग्ण त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालतात. सिमेंटशिवाय वेळ वाचतो तो सिमेंट घट्ट होण्याची वाट पाहण्याचा, दहा-पंधरा मिनिटांचा.

सर्जनना विचारायचं ते हे: माझ्या हाडाची घनता पाहिली का? तुमच्या हाताला कोणत्या पद्धतीचा सराव जास्त आहे? आणि सिमेंटशिवायचा ट्रे टेबलावर बसवताना हलला, तर सिमेंटने बसणारा ट्रे आणि सिमेंट ओटीत तयार असेल का?