आईची डबी दारातच काढून घेतली

रविवारी किती महिन्यांनी आम्ही सहा जण एकत्र सिनेमाला निघालो होतो. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन पोरं. आईला मधुमेह आहे. खायची वेळ टळली की तिचे हातपाय थरथरायला लागतात, म्हणून पर्समध्ये स्टीलची छोटी डबी, त्यात पोळीचा रोल. मल्टिप्लेक्सच्या दारात पर्स उघडायला लावली आणि डबी काढून टेबलावर ठेवली. "बाहेरचं खाणं चालत नाही, आजी." सत्तरीच्या बाईला चारचौघांत पर्स उपसायला लावता? मी भांडले. मॅनेजर आला, नियम नियम करत राहिला. शेवटी आईच म्हणाली, "जाऊ दे गं, तमाशा नको." तमाशा मी करत होते?

माहितीये मला नियम. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही, हे थिएटरवाल्यानं ठरवावं. पण म्हणजे मनाई करायचा हक्क दिलाय, सक्ती नाही केलेली! आजारी म्हातारीला पोळी खाऊ दिली असती तर कोण विचारायला येणार होतं? आणि त्याच निकालात पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्या असंही म्हटलंय. ते कुठे होतं? स्वच्छतागृहाच्या बोळात एक कूलर, ग्लास एकही नाही. काउंटरवर बाटली मात्र ६० रुपयांना.

आता हिशेब ऐका. तिकीट ३२० रुपये, सहा जणांचे १९२०. शंभराच्या वरचं तिकीट म्हणून त्यात १८ टक्के जीएसटी. पॉपकॉर्नचे दोन टब ९८०. डबी गेली म्हणून आईला गारढोण सँडविच, २८०. पाण्याच्या दोन बाटल्या १२०. ऑनलाइन बुकिंगचं शुल्क आणि पार्किंग धरून साडेतीन हजार गेले. आमच्या घरात हा महिन्याचा किराणा आहे. बाबा बिल बघून गप्प झाले, मध्यंतरात जागचे उठलेच नाहीत.

हेच बाबा आम्हाला पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या 'प्रभात' टॉकीजला न्यायचे. सकाळी खिडकीवर रांग लावून बाल्कनीची तिकिटं आणायचे. आजी, आत्या, शेजारच्या काकूंची मुलगीसुद्धा बरोबर असायची. आई चिवडा करून घ्यायची आणि तो आख्ख्या रांगेतून फिरायचा. घरी येताना चालत, सिनेमातलं कोण चुकलं यावर आजी आणि बाबांचं भांडण. आमच्या घरात माणसं एकमेकांशी मोकळं बोलायला तिथे शिकली. माझ्या पोरांना ते मिळावं, एवढंच तर मागत होते मी!

बरं, मराठी सिनेमा दाखवावा म्हटलं तर शो मंगळवारी दुपारी एकला. २०१५ मध्ये सरकारनं मराठीला संध्याकाळी सहा ते नऊची वेळ द्यायची घोषणा केली, मल्टिप्लेक्सवाले कुरकुरले आणि 'दुपारी बारा ते रात्री नऊ' झालं. मंगळवारी एकला कोण जाणार? पोरं शाळेत, आम्ही कामावर. मग खुर्च्या रिकाम्या राहतात आणि हेच लोक म्हणतात, मराठी प्रेक्षक येत नाही. कसा येईल?

सिनेमा सुटल्यावर डबी मागायला गेले. टेबलावर दुसरीच मुलगी बसलेली, तिला काही माहीत नाही. टेबलाखाली बघा म्हटलं, तर म्हणाली, उरलेलं सगळं टाकून देतात. ती डबी आईच्या लग्नातली आहे, झाकणावर माझ्या आजोबांचं नाव कोरलंय. दोनदा फोन केला, "कळवतो" म्हणाले. उद्या मी परत जाणार आहे आणि डबी हातात पडल्याशिवाय त्या दारातून हलणार नाही.